मुळं पाहूनच माल उचला

वाचकांचे प्रश्न : घरात ठेवायच्या झाडांची ठोक खरेदी

या अंकासाठी आलेली बरीच पत्रं नव्याने नर्सरी टाकलेल्यांची आहेत. प्रश्न वेगवेगळे, पण दुखणं बहुतेकांचं एकच : ठोकात स्वस्त मिळालेलं झाड दुकानात आल्यावर महागात पडतं. म्हणून काही उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

प्रश्न (सातारा) : घरापुढच्या ६०० चौरस फुटांत इनडोअर झाडांची किरकोळ नर्सरी सुरू करायची आहे. हाताशी एक लाख रुपये आहेत. कुणी म्हणतं, थेट आंध्रातल्या कडियमहून गाडी भरा, निम्म्यात पडेल. कुणी म्हणतं, उरुळी कांचनहून आणा. पहिली खरेदी कुठून करावी आणि काय काय घ्यावं?

उत्तर : पहिली खरेदी जवळूनच करा. राजमहेंद्रीजवळचं कडियम हा गोदावरीकाठचा फार मोठा नर्सरीपट्टा आहे आणि तिथले भाव खरोखर कमी असतात. पण तो भाव गाडी भरून नेणाऱ्याला. तुमच्या ६०० चौरस फुटांतला तिसरा हिस्सा वाटांना आणि गिऱ्हाइकाला उभं राहायला गेला, की उरलेल्या ४०० फुटांत सहा इंची कुंडीची फार तर ४०० झाडं जमिनीवर बसतात. पायऱ्यांचे रॅक केले तर ७००. मोठ्या गाडीतून त्याच्या कितीतरी पट माल येतो. तो दाटीवाटीने ठेवला की आठवड्यात खालची पानं पिवळी पडायला लागतात आणि महिनाभरात एकाची कीड सगळ्यांना लागते. शिवाय जवळजवळ हजार किलोमीटरचा प्रवास, तोही ताडपत्रीखाली. नवख्या माणसाने हा धक्का पहिल्याच खेपेला अंगावर घेऊ नये.

पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरपासून उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्यांची रांग आहे. तिथे दोन प्रकारचे विक्रेते भेटतील : स्वतः रोपं तयार करणारे आणि बाहेरून माल आणून पुढे देणारे. ओळखायचं कसं? मातृझाडं आणि कटिंगचे ट्रे दाखवायला सांगा. स्वतः वाढवणाऱ्याकडे एकाच जातीची लहान, मध्यम, तयार अशी तिन्ही वयाची रोपं दिसतात. आणून विकणाऱ्याकडे सगळं एकाच मापाचं असतं. दुसरा प्रकार वाईट असं मुळीच नाही. थोड्या संख्येत पुष्कळ जाती त्याच्याकडेच मिळतात. फक्त “हा लॉट कधी उतरला?” एवढं विचारा. काल उतरलेला माल दहा दिवसांनी घेतलेला बरा, तोवर काय टिकतं आणि काय माना टाकतं ते त्याच्याच आवारात कळून जातं.

पैशांची विभागणी अशी करा. झाडांवर ४५ हजार, शेडनेट आणि रॅकवर १५, कुंड्यांवर १५, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत वगैरेंवर १० आणि उरलेले १५ हजार हातात. या शेवटच्या रकमेला पहिल्या खेपेत हात लावू नका. दीड महिन्यात तुमच्या गावात काय खपतं ते दिसेल, तेव्हा ती लागेल.

झाडं निवडताना पंचवीस जातींची वीस-वीस रोपं घेण्याचा मोह होतो. त्यापेक्षा बारा जातींची चाळीसच्या आसपास घ्या. एका जातीचं पाणी, उजेड, कीड हाताला बसायला तेवढी संख्या लागते, आणि पन्नासच्या घरात मागितलं की भावही उतरतो. निम्मा माल सहसा न मरणारा असावा : मनी प्लांट, स्नेक प्लांट, झीझी, सिंगोनियम, स्पायडर प्लांट. त्याखालोखाल अॅग्लोनिमा, पीस लिली, डिफेनबेकिया, रबर प्लांट. अरेका पामचे मोठे नग दहा-बाराच घ्या. अरेका खपतो, पण जागा खातो आणि एक नग मेला तर पाच मनी प्लांटचा नफा घेऊन जातो. कॅलेथिया पहिल्या वर्षी टाळा. कोरड्या हवेत आणि बोअरच्या जड पाण्यावर तिच्या पानांच्या कडा करपतात, आणि करपलेलं पान गिऱ्हाईक विकत घेत नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : मागच्या महिन्यात २०० पीस लिली आणल्या. घेताना हिरव्यागार होत्या. तीन आठवड्यांत निम्म्या बुडातून सडल्या. विक्रेता म्हणतो, तुम्ही पाणी जास्त घातलं. आम्ही रोज थोडंसंच घालत होतो. चूक कुणाची, आणि पुढच्या वेळी माल तपासायचा कसा?

उत्तर : रोज थोडंसं पाणी हीच चूक आहे, पण ती एकटी नाही. पॉलिहाउसमधली पीस लिली बहुतेक वेळा निव्वळ कोकोपीटमध्ये वाढवलेली असते. गाडी भरण्याआधी तिला भरपूर पाणी देतात, म्हणजे वाटेत सुकायला नको. तुमच्याकडे ती पोचते तेव्हा कोकोपीट पिळून पाणी निघेल इतकं ओलं असतं. कोकोपीट वरून वाळल्यासारखं फिकट तपकिरी दिसतं आणि आत दोन इंचांवर ओलंच राहतं. वरचा रंग पाहून रोज पाणी घातलं, की मुळांना हवा मिळत नाही आणि पिथियमसारख्या बुरशीचं फावतं. मुळं आधीच थोडी खराब असतील, तर तीन आठवडे पुरेसे होतात. आणि पीस लिलीची पानं मुळं मेल्यावरही काही दिवस हिरवी राहतात. म्हणून पान पाहून घेतलेला माल फसवतो.

तपासणी पुढच्या वेळी अशी करा. शंभर नगांच्या लॉटमधून पाच नग काढा, पण पुढच्या रांगेतले नव्हे. दोन मधले, दोन मागच्या भिंतीलगतचे, एक पाणी साचणाऱ्या कोपऱ्यातला. कुंडी आडवी धरून बुडावर दोन थापा मारा आणि गोळा अलगद बाहेर काढा. निरोगी मुळं पांढरी किंवा फिकट पिवळी असतात, टोकं पांढरीशुभ्र असतात, बोटाने दाबली तर टणक लागतात. मूळ तपकिरी असेल तर ते चिमटीत धरून हलकं ओढा. वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत दोऱ्यासारखी शीर उरली, तर ती मूळकूज. गोळ्याला नाक लावा. ओल्या मातीचा वास चांगला, गटारासारखा आंबूस वास आला तर माल सोडा. पाचांतल्या एकाला असं दिसलं तर आणखी दहा काढा. त्यांतही एखादं सापडलं तर तो लॉट घेऊ नका, भाव पाडून दिला तरी.

दुसरी परीक्षा ओढण्याची. रोपाला बुडाशी धरून हलकेच वर ओढा. गोळा सगळा एकदम वर आला तर मुळं बसली आहेत. रोप सहज सरकलं तर ते नुसतं खोचलेलं कटिंग आहे. मॉस स्टिकवरच्या मनी प्लांटच्या बाबतीत हे हमखास पाहा. काठीभोवती सहा-सात वेली बांधलेल्या असतात आणि त्यांतल्या दोन-तीनच मुळावर असतात. उरलेल्या गिऱ्हाइकाच्या घरी आठ दिवसांत लोळतात.

उलट बाजूही लक्षात ठेवा. मुळं कुंडीत गच्च फिरलेली असली की आपण नाक मुरडतो, पण स्नेक प्लांट आणि झीझीला तो दोष नाही. कंदाने पिशवी ताणली असेल, प्लॅस्टिक फुगून फाटायला आलं असेल, तर तो माल जुना, कसलेला, टिकाऊ. झीझी घेताना मातीत बोट घालून कंद चाचपा. बटाट्याएवढा लागला तर उत्तम. शेंगदाण्याएवढा लागला तर ते पानापासून केलेलं कोवळं रोप आहे, त्याला मोठ्या झाडाचा भाव देऊ नका. रबर प्लांट आणि फिडल लीफमध्ये मात्र गोल फिरलेली जाड मुळं खोडाला आवळतात, ती नको.

आता उरलेल्या शंभर पीस लिलींचं काय? गोळे काढून सडकी मुळं कात्रीने कापा, कात्री दर झाडामागे स्पिरिटने पुसा. नव्या मिश्रणात लावा : कोकोपीट ४ भाग, गांडूळखत २, भाताचं जळकं तूस किंवा परलाइट २, लाल माती २. लागवडीनंतर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी मित्रबुरशी) लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात ओता. त्याच्या आगेमागे रासायनिक बुरशीनाशक देऊ नका, नाहीतर ट्रायकोडर्माही मरतो. पाणी कुंडी उचलून ठरवा. एक कुंडी भरपूर पाणी देऊन वजनाला हातात घ्या, तीच पाच दिवसांनी घ्या. फरक हाताला एकदा कळला की रंग पाहायची गरज उरत नाही.

प्रश्न (नागपूर) : फायकस बेंजामिना आणि अरेका आणल्यावर दहा-बारा दिवसांत पानं गळतात किंवा पिवळी पडतात. मुळं तपासून घेतली होती, ती चांगली होती. मग काय होतं?

उत्तर : उजेडाचा फरक. उघड्यावर भर उन्हाळ्याच्या दुपारी एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, ७५ टक्के शेडनेटखाली साधारण २५ हजार, आणि हॉलमध्ये खिडकीपासून दोन मीटरवर ५००देखील मुश्किलीने. उन्हात वाढलेलं पान जाड, लहान आणि खर्चीक असतं. त्याला स्वतःला जगवायलाच जास्त उजेड लागतो. सावलीत आणलं की ते कमावतं त्याहून जास्त खातं, आणि झाड ते टाकून देतं. बेंजामिना यात सगळ्यांत हळवा. तो नुसता जागा बदलली तरी पानं टाकतो.

म्हणून ठोकात घेताना पहिला प्रश्न हा, की माल कशाखाली वाढलाय? उन्हातला अरेका पिवळसर, आखूड, जाड दांड्यांचा दिसतो. सावलीतला गडद हिरवा, लांब पात्यांचा. उन्हातला स्वस्त मिळतो आणि बंगल्याच्या कंपाउंडसाठी तोच योग्य. घरात ठेवायला तो द्यायचा असेल, तर आधी तुम्हाला त्याला सावलीची सवय लावावी लागेल. दोन आठवडे ७५ टक्के जाळीखाली, पुढचे तीन आठवडे ९० टक्के जाळीखाली. या काळात खत बंद, पाणी थोडं कमी, कुंडी बदलायची नाही. जुनी काही पानं गळतील, ती गळू द्या. नवं फुटलेलं पान पातळ आणि रुंद आलं की झाड विकायला तयार. मोठ्या अरेकाला सहा ते आठ आठवडे धरा. फोनमधल्या लक्स मोजणाऱ्या अॅपचा आकडा तंतोतंत नसतो, पण दोन जागांची तुलना करायला पुरतो.

नागपूरकरांसाठी आणखी एक. एप्रिल-मे मध्ये लांबून गाडी मागवू नका. ताडपत्रीखाली थांबलेल्या गाडीत पानं अक्षरशः उकडतात. ती पोचतात तेव्हा हिरवी असतात, तिसऱ्या दिवशी काळी. जूनअखेर ते सप्टेंबर हा माल आणायचा आणि कुंड्या बदलायचा खरा काळ. नंतर थंडीत, रात्रीचं तापमान १२-१३ अंशांखाली जायला लागलं की अॅग्लोनिमा आणि डिफेनबेकियाची गाडी थांबवा. थंडी लागलेल्या अॅग्लोनिमाच्या पानावर तेल सांडल्यासारखे काळपट डाग येतात आणि ते कधीच जात नाहीत. गिऱ्हाईक त्याला रोग समजतं.

प्रश्न (ठाणे) : ६० रुपयांना आणलेलं झाड १२० ला विकतो, म्हणजे दामदुप्पट. तरी वर्षअखेरीला हातात काही उरत नाही. हिशोबात काय चुकतंय?

उत्तर : उदाहरण मांडून पाहू. लांबून ६०० झाडं ६० रुपयांनी आणली : ३६,००० रुपये. गाडीभाडं ९,०००, हमाली आणि उतराई १,५००. एकूण ४६,५००. वाटेत आणि पहिल्या महिन्यात मिळून ८ टक्के मर धरा, म्हणजे ४८ झाडं गेली. विकायला राहिली ५५२. एक झाड पडलं ८४ रुपये २४ पैशांना. ते पिशवीतून कुंडीत लावलं : कुंडी १८, मिश्रण १२. महिनाभराचं पाणी, मजुरी १०. झाले १२४. तुम्ही ते १२० ला विकताय.

आता दुसरा हिशोब. तेच झाड जवळच्या नर्सरीत ७५ रुपयांना मिळतं. ६०० झाडांचे ४५,०००, छोट्या टेम्पोचं भाडं ३,०००, हमाली १,५००. एकूण ४९,५००. प्रवास कमी आणि माल निवडून घेतला म्हणून मर अडीच टक्के, म्हणजे १५ झाडं. राहिली ५८५. एक पडलं ८४ रुपये ६२ पैशांना. म्हणजे पंधरा रुपये महाग घेतलेलं झाड त्याच भावात पडलं. आणि ते चांगल्या कुंडीत असेल, तर वरचे ३० रुपयेही वाचले. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या वहीतले घालून पाहा, पण रकाने हेच ठेवा. त्यातही मरीचा रकाना प्रत्येक लॉटला वेगळा. बहुतेक दुकानदार मेलेलं झाड उचलून खताच्या खड्ड्यात टाकतात आणि कुठेच लिहीत नाहीत. सहा महिने लिहिलं की कोणत्या विक्रेत्याचा माल खरोखर स्वस्त ते आपोआप कळतं.

भाडं ठरवताना वजनही पाहा. सहा इंची कुंडीतलं कोकोपीटमधलं झाड ओलं असताना किलोच्या आसपास भरतं, तर भारी मातीतली आठ बाय दहा इंचांची पिशवी चार-पाच किलोंची असते. मातीतल्या मालात तुम्ही माती वाहून आणण्याचंच भाडं देत असता.

प्रश्न (सोलापूर) : काळ्या मातीच्या पिशवीतली झाडं आणून कोकोपीटच्या मिश्रणात लावली. पाणी वेळेवर देऊनही सुकतात. का?

उत्तर : चिकण मातीचा गोळा एकदा वाळला की वीट होतो. भोवती भुसभुशीत मिश्रण असलं की पाणी सोपी वाट धरतं, गोळ्याच्या कडेने उतरून भोकातून निघून जातं. कुंडीतून पाणी निघालेलं दिसतं, आतली मुळं कोरडीच. लावण्याआधी पिशवीसकट गोळा बादलीत २० मिनिटं बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग पिशवी कापून बाहेरची एक तृतीयांश माती बोटांनी विस्कटून धुऊन काढा आणि मुळांची टोकं नव्या मिश्रणात पसरतील असं लावा. सगळी माती धुऊ नका, बारीक मुळं तुटतात. नव्या मिश्रणात थोडी माती ठेवली तर दोन्हींतला फरक कमी होतो. हे काम गाडी उतरल्यादिवशी करायचं नाही. आल्यावर सात ते दहा दिवस झाडं सावलीत, मोकळी मोकळी ठेवून नुसती विसावू द्या.

प्रश्न (नाशिक) : नवीन माल आला की दोन महिन्यांत सगळ्या नर्सरीत पिठ्या ढेकूण होतो. फवारून कंटाळलो.

उत्तर : फवारणीआधी वेगळं ठेवणं. नवा लॉट जुन्या झाडांपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला १४ दिवस ठेवा, पिठ्या ढेकणाचा इतिहास असेल तर २१. त्याचा झारा, कात्री वेगळी. पाणी घालताना आधी जुनी झाडं, शेवटी नवी.

ढेकूण पानाच्या बेचक्यात, देठाच्या आतल्या बाजूला बसतो. पण तुमच्याकडे तो परत परत येतोय, म्हणजे बहुधा मुळांवर आहे. कुंडी काढून आतल्या भिंतीला पिठासारखी पांढरी पूड लागलीय का पाहा. तसं असेल तर पानावर कितीही फवारा, उपयोग शून्य. असं झाड एक-दोन असेल तर मातीसकट जाळा. कुंडी गरम पाण्याने घासल्याशिवाय वापरू नका. दुसरं, मुंग्या. त्या ढेकणाचा गोड स्राव खातात आणि त्याला इकडून तिकडे नेतात. रॅकच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा.

पानांवरच्या ढेकणाला कापसाच्या बोळ्याने ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब भांड्यांचं द्रव साबण संध्याकाळी फवारा, दर सात दिवसांनी तीनदा. एकदा फवारून भागत नाही, कारण अंड्यांना काही होत नाही, ती नंतर फुटतात. दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी (किडीवर वाढून तिला मारणारी बुरशी) लिटरला ५ ग्रॅम चांगलं काम करतं, कोरड्या हवेत नाही. लाल कोळी आहे का ते पाहायला पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. कागदावरचे ठिपके चालायला लागले तर कोळी.

प्रश्न (म्हापसा, गोवा) : गुलाबी पानांचा फिलोडेंड्रॉन, रंगीत कॅक्टस, निळे-जांभळे सक्युलंट ठोकात मिळतात. पर्यटक घेतात. ठेवावेत का?

उत्तर : यांत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘पिंक काँगो’ नावाने विकल्या जाणाऱ्या फिलोडेंड्रॉनचा गुलाबी रंग रसायन देऊन तात्पुरता आणलेला असतो. काही महिन्यांत नवी पानं हिरवी येतात आणि गिऱ्हाईक तुमच्या दारात उभं राहतं. घेऊ नका. ‘पिंक प्रिन्सेस’ वेगळी. तिचा गुलाबी रंग झाडाचाच असतो, पण रोपागणिक कमी-जास्त. खोडावर गुलाबी रेघ असलेलेच नग निवडा, खोड निव्वळ हिरवं असेल तर पुढची पानंही हिरवीच येण्याचा संभव जास्त.

लाल-पिवळ्या गोळ्याचा मून कॅक्टस म्हणजे कलम. वरच्या गोळ्यात हरितद्रव्य नाही, तो खालच्या तिकोनी हिरव्या खोडावर जगतो. चार-पाच वर्षांपलीकडे जोडी क्वचितच टिकते. तसं सांगून विका. घेताना खालचं खोड दाबून पाहा, कोकणच्या-गोव्याच्या पावसात ते बुडातून मऊ पडतं. रंगवलेले सक्युलंट मुळीच नकोत. रंगाने पानाची रंध्रं बुजतात. आणि वर खडे डिंकाने चिकटवलेली कुंडी असेल तर पाणी आत जातच नाही. खडे हलवून पाहा.

प्रश्न (मुंबई) : ओळखीचे लोक बँकॉकहून बॅगेतून अॅग्लोनिमाच्या नव्या जाती आणतात आणि ठोकात देतात. घ्यायला हरकत आहे का?

उत्तर : हरकत आहे. परदेशातून झाडं आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना, त्या देशाचं फायटोसॅनिटरी (रोप कीड-रोगमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र आणि इथे उतरल्यावर तपासणी लागते. मातीसकट झाड आणताच येत नाही. बॅगेतला माल पकडला तर नष्ट होतो. आणि न तपासलेल्या रोपाबरोबर येणारा जिवाणूजन्य करपा किंवा सूत्रकृमी तुमच्या सगळ्या अॅग्लोनिमात पसरू शकतो. परवानाधारक आयातदाराकडून बिल घेऊन घ्या. त्या जाती वर्ष-दोन वर्षांत इथल्या टिश्यू कल्चरमधून (प्रयोगशाळेत ऊतींपासून केलेली रोपं) निम्म्या भावात येतात. थांबण्यात नुकसान नाही.

प्रश्न (जळगाव) : व्हॉट्सअॅपवर फोटो पाहून ऑर्डर दिली, माल लहान निघाला. ऑर्डर कशी लिहावी? आणि जीएसटी लागतो का?

उत्तर : “स्नेक प्लांट, मोठा, १०० नग” अशी ऑर्डर म्हणजे भांडणाला निमंत्रण. लिहा : जात, शक्य तर शास्त्रीय नावासह (इथे ‘जेड’ म्हणून दोन वेगळी झाडं विकली जातात, लहान पानाचं पोर्टुलाकारिया आणि जाड पानाचं क्रासुला), कुंडीचा व्यास वरच्या कडेला किती इंच, उंची मातीपासून, कुंडीच्या तळापासून नव्हे, फुटवे किंवा दांड्या किमान किती, माती की कोकोपीट. त्याच लॉटचा, शेजारी मोजपट्टी धरलेला व्हिडिओ मागवा आणि त्यात दोन नग कुंडीतून काढून मुळं दाखवायला सांगा. जो दाखवत नाही त्याला आगाऊ पैसे पाठवू नका. उतरल्यापासून २४ तासांत फोटोसह तूट कळवली तर भरपाई, हे गाडी भरण्याआधीच लेखी ठरवा.

जिवंत रोपं, एचएसएन (जीएसटीतला वस्तूचा क्रमांक) ०६०२, करमुक्त आहेत. प्लॅस्टिकच्या कुंड्यांचं तसं नाही, म्हणून बिलात झाड आणि कुंडी वेगवेगळी लिहून घ्या.

प्रश्न (औंध, पुणे) : ‘हवा शुद्ध करणारं झाड’ अशी पाटी लावली की विक्री वाढते. लावावी का?

उत्तर : नको. त्या दाव्याचं मूळ नासाच्या १९८९ च्या प्रयोगात आहे, आणि तो लहान बंद पेटीत केलेला होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. नेहमीच्या हवा खेळत्या घरात तेवढा परिणाम मिळवायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं त्यातून निघालं.

त्या पाटीच्या जागी गिऱ्हाइकाच्या खऱ्या उपयोगाचं लिहा : उजेड किती, पाणी किती दिवसांनी, आणि लहान मूल किंवा मांजर असेल तर चालेल का. डिफेनबेकिया, मनी प्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, पीस लिली, अॅग्लोनिमा, झीझी या सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं तर तोंड, जीभ सुजते, डिफेनबेकियाने सर्वांत जास्त. मांजर असलेल्या घराला स्पायडर प्लांट, अरेका, पेपरोमिया द्या. ही पाटी झाडांच्या रांगेतच लावा, म्हणजे पैसे देण्याआधी वाचली जाईल.